मीडियम वेव्ह मुका, शॉर्टवेव्ह बोलका

प्रश्न : आम्ही मूळचे ठाण्याचे, पण नोकरीमुळे बरीच वर्षं पानिपतला आहोत. आजोबांचा व्हॉल्व्हचा मर्फी रेडिओ माळ्यावर एका लोकरी ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवला होता. परवा काढून लावला, तर शॉर्टवेव्हवर परदेशी स्टेशनं येतात; मीडियम वेव्हवर मात्र नुसती खरखर. बँडचा नॉब जरा दाबून धरला की क्षणभर दिल्ली लागते आणि पुन्हा गायब होते. मागचं झाकण काढून टॉर्चने पाहिलं, तर बँडच्या स्विचच्या पट्ट्या काळ्याठिक्कर पडल्या आहेत. इथला एक मेकॅनिक म्हणतो, ही रिफायनरीच्या हवेची करणी, पॉलिश पेपर मारा. एक स्नेही म्हणतात, पेट्रोलने धुवा. मुलाने ऑनलाइन एक स्प्रे मागवून ठेवला आहे. कोणाचं ऐकायचं? – एक वाचक, पानिपत

उत्तर : तिघांपैकी दोघांचं ऐकू नका आणि मुलाचं अर्धंच ऐका. पण तुमच्या पत्रात एक छान कोडं आहे आणि तुम्ही ते विचारलेलंच नाही : एकाच स्विचवर दोन बँड असताना एक चालतो आणि दुसरा का नाही? ते सुटलं की बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

आधी दोष नक्की स्विचचाच आहे ना, ते पाहू. पानिपतसारख्या गावात मीडियम वेव्हवर खरखर ऐकू येण्यासाठी रेडिओ बिघडलेलाच हवा असं नाही. शेजारी यंत्रमागाच्या मोटारी, घरात एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर. हे सगळे मीडियम वेव्हमध्ये कचरा टाकतात. म्हणून एक साधी परीक्षा करा. एरियलची तार काढा. खरखर एकदम विरली, तर ती बाहेरून येत होती. तार काढूनही ती तशीच राहिली आणि नॉब हलवला की वाढते-घटते असं दिसलं, तर दोष रेडिओच्या पोटात आहे. तुमच्याकडे नॉब दाबला की दिल्ली लागते, यावरून बोट स्विचकडेच जातं. स्टेशन लावण्याचा नॉब फिरवतानाच आवाज झाला असता, तर मी गँग कंडेन्सरच्या दांड्याला टेकणाऱ्या पट्टीवर संशय घेतला असता. आवाज कमी-जास्त करताना झाला असता, तर व्हॉल्यूम कंट्रोलवर. व्हॉल्व्ह किंचित हलवल्यावर झाला असता, तर त्याच्या पिना आणि सॉकेटवर. मेकॅनिक लोक ‘खरखर’ हा एकच शब्द या चारही दुखण्यांना लावतात, आणि मग चुकीच्या जागेवर औषध पडतं.

आता बँड स्विचचं काम काय, ते बघू. मीडियम वेव्ह साधारण 530 ते 1600 किलोहर्ट्‌झपर्यंत असतो. शॉर्टवेव्ह त्याच्या कितीतरी वर, मेगाहर्ट्‌झमध्ये. एकाच कॉइलला हे दोन्ही जमत नाही, म्हणून प्रत्येक बँडला एरियलची वेगळी कॉइल असते आणि ऑसिलेटरची, म्हणजे सेटच्या आत कंपनं निर्माण करणाऱ्या भागाची, वेगळी. नॉब फिरवला की स्विच एक जोडी काढतो आणि दुसरी जोडतो. स्विचची तबकडी तपकिरी, कागदी थरांच्या बेकेलाइटसारख्या पत्र्याची असते. तिच्या कडेने पितळेच्या किंवा फॉस्फर ब्राँझच्या, चांदीचा मुलामा दिलेल्या पट्ट्या बसवलेल्या असतात. मधल्या फिरत्या चकतीला एक जीभ असते. ती ज्या पट्टीच्या चिमट्यात शिरते, ती पट्टी जोडली जाते; बाकीच्यांचे चिमटे उघडे राहतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तिचं काम लगेच पडणार आहे.

इथे बहुतेकांना एक शंका येते. घरातल्या दिव्यांची बटणंही तीस-तीस वर्षं टिकतात. ती काही कोणी साफ करत नाही. मग रेडिओचेच एवढे नखरे का? फरक दाबाचा आहे. भिंतीवरच्या बटणावर 230 व्होल्ट असतात. पट्टीवर काळा पापुद्रा असला, तरी तो दाब त्याला फोडून पलीकडे जातो. बटण दाबताना जी बारीक ठिणगी पडते, ती पापुद्रा जाळूनही टाकते. रेडिओच्या एरियलमधून येणारा सिग्नल मात्र काही मायक्रोव्होल्टचा. 50 मायक्रोव्होल्ट धरले, तर ते 230 व्होल्टच्या सुमारे 46 लाखाव्या भागाइतके. एक दार लाथ मारून उघडणारा, तर दुसरा कडी वाजवून बाहेर उभा राहणारा; दार लावलेलं असेल, तर तो तसाच परत जातो. म्हणून जो पापुद्रा दिव्याला कळतही नाही, तोच रेडिओला बहिरा करतो. ऑसिलेटरच्या बाजूने हीच गोष्ट आणखी विचित्र दिसते. संपर्क अर्धवट असला, तर ऑसिलेटर मध्येच बंद पडतो आणि रेडिओ नुसता ‘स्स्स’ करत राहतो, किंवा त्याची कंपनसंख्या सरकते आणि लावलेलं स्टेशन हातातून निसटतं. तुमची दिल्ली क्षणभर लागून जाते, ती अशी.

आता ते कोडं. रेडिओ माळ्यावर ठेवला तेव्हा बँडचा नॉब कुठे होता, हे घरात कोणाला आठवतंय का, ते विचारा. माझा तर्क असा, की तो शॉर्टवेव्हवर होता. सिलोन ऐकणाऱ्या पिढीच्या रेडिओचा नॉब बहुधा तिथेच असायचा. त्या जागेवर जीभ शॉर्टवेव्हच्या पट्ट्यांच्या चिमट्यात घट्ट बसलेली होती. दोन धातू दाबून एकमेकांना भिडले, की मधल्या सपाटीवर हवा शिरत नाही. आणि हवा नाही, तर पापुद्राही नाही. मीडियम वेव्हचे चिमटे मात्र त्या सगळ्या वर्षांत उघडे, हवेला तोंड करून बसले. एकाच स्विचवर, एकाच माळ्यावर, एकाच हवेत दोन बँडांचं नशीब वेगळं झालं, ते एवढ्यामुळे.

मग हा काळा थर नेमका काय? लोक त्याला सर्रास गंज म्हणतात. गंज लोखंडाला चढतो. चांदी साध्या हवेतल्या ऑक्सिजनला दाद देत नाही. तिचं वैर गंधकाशी. हवेत अगदी अल्प प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड आणि त्याचे भाऊबंद असतातच. गटारातून, कुजणाऱ्या पाल्यातून, कोळशाच्या धुरातून ते येतात. चांदीशी त्यांची गाठ पडली की सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. थर पातळ असताना तो पिवळसर दिसतो, मग तपकिरी आणि शेवटी काळा. देवघरातली चांदीची समई काळी पडते, ती याच कारणाने. हवेत ओल असली की हे काम जोरात होतं, आणि पानिपतच्या डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्याबद्दल तुम्हाला मी काय सांगावं!

यावरून मेकॅनिकचा रिफायनरीवरचा आरोप खराच वाटेल. कारखान्यांच्या गावात हवेत गंधकाचा अंश जास्त असू शकतो, हे खरंच. पण कारखान्यांच्या धुरात गंधक मुख्यतः सल्फर डायऑक्साइडच्या रूपात असतं, आणि चांदी काळी करण्यात तो हायड्रोजन सल्फाइडच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाय पुण्यातल्या माळ्यावरच्या रेडिओंच्या पट्ट्याही काळ्या पडतात. तिथे रिफायनरीला कुठे शोधायचं? तुमच्या पत्रातच आणखी जवळचा संशयित आहे : लोकरी ब्लँकेट. लोकर म्हणजे केराटिन, आणि केराटिनमध्ये गंधक असतं. लोकर जुनी होत जाते तसे गंधकाचे वायू अगदी हळूहळू सोडत राहते. म्हणूनच वस्तुसंग्रहालयांत चांदीच्या वस्तू लोकरीजवळ ठेवत नाहीत. पानिपत तर लोकरीचंच गाव. परदेशातले जुने लोकरी कपडे कांडला बंदरातून इथे येतात, इथेच फाडून, पिंजून त्यांचा पुन्हा धागा होतो आणि त्याची ब्लँकेटं होतात. अशा ब्लँकेटात चांदीचा मुलामा असलेला स्विच वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवला, तर तो काळा पडेल नाहीतर काय! ब्लँकेट धुळीपासून वाचवायला घातलं होतं, हे मान्य. पण त्याचे तंतूही स्विचमध्ये शिरले असणार. टॉर्चने पुन्हा नीट पाहा, पट्ट्यांच्या फटींत करड्या रंगाची पिंजण दिसेल. आणि जुन्या सेटमधल्या तारांवर रबराचं आवरण असेल, तर तेही गंधक घालूनच पक्कं केलेलं असतं. म्हणजे शत्रू घरातही आहे आणि पांघरुणातही.

मात्र काळ्या रंगाला घाबरण्याचं कारण नाही. रेडिओ दुरुस्त करायला बसलेल्या हौशी माणसांना हीच गोष्ट पटवणं सर्वांत कठीण जातं. स्विचची प्रत्येक पट्टी लख्ख चमकली पाहिजे, असा काही नियम नाही. विजेचा संबंध फक्त त्या टिकलीएवढ्या जागेशी असतो, जिथे जीभ पट्टीला घासते. तेवढी जागा उघडी झाली, की उरलेली पट्टी कोळशासारखी काळी असली तरी रेडिओ गातो. आणि सिल्व्हर सल्फाइड मऊ असतं. जीभ घासून जाताना ते खरवडलं जातं. स्विच बनवणाऱ्यांनी ही व्यवस्था मुद्दाम ठेवली आहे : पट्टी नुसती टेकत नाही, ती घासत जाते. रोज वापरातला बँड स्विच वर्षानुवर्षं तक्रार करत नाही, त्याचं कारण हे. म्हणून पहिला उपाय कुठल्याही बाटलीत नसतो. वायर प्लगमधून काढा आणि बँडचा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा सावकाश फिरवा. अनेकदा एवढ्यानेच मुका बँड बोलायला लागतो. रेडिओ बंद ठेवूनच हे का करायचं? काही सेटमध्ये याच स्विचवरून व्हॉल्व्हचा मोठा दाबही फिरतो; चालू असताना भराभर फिरवलं, तर ठिणगी पडून पट्टीच जळते.

एवढं करूनही अंशतःच फरक पडला, तर साफसफाईकडे वळू. पण आधी जे करायचं नाही, ते.

पॉलिश पेपर : हा सल्ला सर्वांत जास्त मिळतो आणि सर्वांत जास्त नुकसान करतो. चांदीचा मुलामा काही मायक्रॉन जाडीचा असतो. काचपेपरचे दोन हात मारले, की तो गेला आणि खालचं पितळ उघडं पडलं. पितळ चकचकीत दिसतं, मेकॅनिक खूश, रेडिओही पंधरा दिवस उत्तम वाजतो. मग पितळावर तांब्याचा ऑक्साइड चढतो, आणि तो सल्फाइडपेक्षा चिवट. नुसतं घासून निघत नाही. शिवाय पेपरचे सुटलेले कण चिमट्यात अडकतात आणि उरलेला मुलामा दर वेळी आतून खरवडत राहतात. पितांबरी किंवा भांड्यांची पावडर लावणाऱ्यांचीही हीच गत. पानिपतात राहणाऱ्या माणसाला ‘पट्ट्यांचं पानिपत होईल’ असं सांगणं बरं दिसत नाही, नाहीतर तेच म्हणालो असतो.

पेट्रोल, थिनर, रॉकेल : पेट्रोल तेलकटपणा काढतं, सल्फाइडला ते शिवतही नाही. उलट कॉइलींवर बसवलेलं मेण ते विरघळवतं, आणि मेण गेलं की कॉइलचं माप बिघडून स्टेशनं जागा सोडतात. काही कॉइलींचे साचे पॉलिस्टायरिनचे असतात. ते पेट्रोल-थिनरने चिकट होऊन बसतात. आगीचा धोका तर वेगळाच. रॉकेल वाळता वाळत नाही आणि मागे ठेवलेल्या तेलकट थरावर तुमच्या गावातली पिंजण आनंदाने येऊन बसते.

चिंच, लिंबू, व्हिनेगर : तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी छान, ती नंतर नळाखाली धुता येतात. स्विच धुता येत नाही. फटीत राहिलेलं आम्ल महिनोन्‌महिने आपलं काम करत बसतं. दिवाळीत चांदीची भांडी ॲल्युमिनियमचा कागद, सोडा आणि गरम पाण्यात बुडवून उजळतात, ती पद्धत रसायनशास्त्राच्या दृष्टीने सुंदर आहे, कारण तिच्यात सल्फाइडची पुन्हा चांदी होते, झीज होत नाही. पण रेडिओ पातेल्यात बुडवता येत नाही, हे सांगायला नको.

आता स्प्रेचं. मुलाने मागवलेल्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-40 असेल, तर तो सायकल-मोटारसायकलसाठी ठेवा. 1953 मध्ये तो पाणी हटवून धातू गंजण्यापासून वाचवण्यासाठी तयार झाला. त्याचा मागे राहणारा तेलकट थर हा त्या कामात गुण, स्विचमध्ये अवगुण. त्याच कंपनीचा कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणून वेगळा डबा मिळतो, आणि इतर कंपन्यांचेही मिळतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन प्रकार असतात : एक उडून जाणारा, मागे काही न ठेवणारा, दुसरा किंचित वंगण मागे ठेवणारा. आपल्याला दोन्ही थोडे-थोडे लागतील. पण फवारायचे नाहीत, आणि मुलाचं अर्धंच ऐका म्हणालो ते यासाठी. स्विचची तबकडी कागदाच्या थरांची आहे, हे आठवा. ती द्रव शोषून घेते. तेलकट द्रव शोषला, त्यात धूळ मुरली, की शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये विजेला चोरवाट मिळते. बॅटरीच्या ट्रान्झिस्टरमध्ये याने फारसं बिघडत नाही. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये पट्टीवर दोन-अडीचशे व्होल्ट असतील, तर तबकडी जळून कोळसा होते. मग अख्खा स्विच बदलावा लागतो, आणि तो बाजारात कुठेच मिळत नाही.

इथे एक गंभीर सूचना, आणि ती चेष्टेवारी घेऊ नका. व्हॉल्व्हचा रेडिओ प्लग काढल्यावर लगेच निरुपद्रवी होत नाही. फिल्टर कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्टचा साठा काही काळ राहू शकतो. तो रेझिस्टन्स लावून उतरवावा लागतो, स्क्रू-ड्रायव्हर टेकवून नव्हे. एसी/डीसी प्रकारचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मर नसलेला सेट असेल, तर त्याच्या चॅसिसलाच घरातल्या विजेची एक तार जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर सगळा पत्रा जिवंत. आणि एवढी वर्षं पडून असलेला सेट थेट प्लगमध्ये घालून लावणं हेही धाडसच. कंडेन्सर मेलेले असतात आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. जाणते मेकॅनिक आधी सिरीज बोर्डवर, दिव्यामधून वीज देऊन पाहतात. तुमचा चालला, हे तुमचं नशीब. विजेच्या कामाची सवय नसेल, तर पुढची कृती स्वतः करू नका. एखाद्या जुन्या मेकॅनिकला शेजारी बसवून करवून घ्या, आणि पॉलिश पेपर त्याच्या हातात दिसला तर चहा देऊन बोळवण करा.

कृती अशी. प्लग काढलेला, कंडेन्सर उतरवलेला. आधी मोबाइलवर स्विचचे चारी बाजूंनी फोटो काढा. एखादी जुनी तार तुटली, तर ती कुठली होती हे त्यातूनच कळेल. मग कोरडा, मऊ, रंगाचा बारीक ब्रश घेऊन सगळी पिंजण आणि धूळ झाडून काढा. हे ओल्या औषधाआधीच झालं पाहिजे, नाहीतर तंतू ओले होऊन चिमट्यात घट्ट बसतात. अडकलेला तंतू चिमट्याने उपटा, पट्टी न वाकवता. पट्ट्यांचा ताण हा स्विचचा प्राण आहे. एक पट्टी वाकली की ती कितीही स्वच्छ असली तरी टेकत नाही.

मग उडून जाणारा क्लीनर म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयपीए म्हणून मागा आणि 99 टक्क्यांचं घ्या. हाताला लावायचं सॅनिटायझर चालणार नाही. त्यात पाणी असतं, आणि बऱ्याचदा हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीनही. ब्रशचं टोक आयपीएत बुडवून, निथळून, प्रत्येक चिमट्याच्या तोंडाला लावा आणि नॉब पंधरा-वीस वेळा फिरवा. सुटलेला काळा मळ ब्रशला येईल; ब्रश फडक्याला पुसा आणि पुन्हा करा. जिथे जागा असेल, तिथे साध्या पांढऱ्या कार्डाची बारीक पट्टी आयपीएत भिजवून चिमट्यात सरकवा आणि ओढून घ्या. कागद इतका सौम्य घासतो की मुलामा शाबूत राहतो, आणि पट्टीवर काळी रेघ उमटलेली पाहून समाधानही मिळतं. रेघ पुसट झाली की थांबा. पट्टीवरचा बाकीचा काळा रंग तसाच राहील, राहू द्या.

सगळ्यात शेवटी वंगणाचं. वंगणवाला क्लीनर डब्याच्या टोपणात थोडा फवारा, टूथपिकच्या टोकाने त्यातला अगदी अल्पसा थेंब चिमट्याच्या आतल्या बाजूला टेकवा. तबकडीला लागू देऊ नका. वंगणाचा हा थर दोन कामं करतो : घासण्याने होणारी झीज कमी करतो आणि उघड्या चांदीपर्यंत गंधकाला सहज पोहोचू देत नाही. नॉब फिरवताना ‘टक्’ आवाज करणारी जी गोळी आणि स्प्रिंग असते, तिला मात्र वेगळं, घट्ट ग्रीस हवं. तिचं तेल चिमट्यांपर्यंत ओघळता कामा नये.

एवढं सगळं करताना समोरच्या काचेकडे हात जाऊ देऊ नका. स्टेशनांची नावं आणि आकडे काचेच्या मागच्या बाजूला छापलेले असतात, आणि जुनी शाई अल्कोहोलनेच काय, कधीकधी ओल्या फडक्यानेही निघून येते. स्विच नंतरही साफ होईल, पुसलेलं नाव परत येत नाही. कॉइलींच्या जवळ दिसणारे छोटे स्क्रू म्हणजे ट्रिमर. ते ‘ढिले दिसतात’ म्हणून आवळणारे लोकही मी पाहिले आहेत. त्यानंतर रेडिओवर दिल्लीच्या जागी दुसरंच काहीतरी लागतं आणि दोष बिचाऱ्या स्विचवर येतो.

रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी लावून पाहा. तुम्ही दिल्लीपासून जेमतेम नव्वद किलोमीटरवर आहात. आकाशवाणी दिल्लीची ओळख असलेल्या 819 किलोहर्ट्‌झच्या आसपास काटा आणा. काचेवर मीटर छापलेले असतील, तर तो आकडा 366 च्या जवळ येतो. बँडचा नॉब पुढे-मागे करून परत मीडियम वेव्हवर आणला आणि स्टेशन त्याच जागी सापडलं, तर संपर्क बसला. ते किंचित सरकून सापडलं, तर ऑसिलेटरच्या पट्टीचा चिमटा अजून हात मागतोय. सहा महिन्यांतून एकदा नॉब सगळ्या बँडांवर फिरवत राहा, आणि झाकायला सुती चादर वापरा.

याच विषयावर इतर वाचकांच्या दोन शंका पडून होत्या, त्यांची उत्तरं इथेच देतो.

प्रश्न : माझ्या रेडिओचा आवाज वाढवताना खरखर होते. बँड स्विचसारखंच साफ करायचं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये चांदी नसते, कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावर फिरणारी एक पट्टी. तिथला मळ मुख्यतः झिजलेला कार्बन आणि घट्ट झालेलं ग्रीस. पत्र्याच्या डबीला असलेल्या छोट्या फटीतून वंगणवाल्या क्लीनरचा एकच छोटा फवारा मारा आणि नॉब वीसेक वेळा फिरवा. कोरड्या अल्कोहोलने धुतलं, तर उरलंसुरलं ग्रीसही जातं आणि कार्बन आणखी झिजतो. साफ करूनही आठवड्याभरात खरखर परत आली, तर दोष बहुधा शेजारच्या कंडेन्सरचा : तो गळू लागला की पट्ट्यावरून नको ती वीज वाहते आणि प्रत्येक हालचाल स्पीकरमध्ये ऐकू येते. तो बदला. आणि व्हॉल्यूमच्या नॉबनेच रेडिओ चालू-बंद होत असेल, तर त्या डबीच्या पाठीवर घरातल्या विजेचा स्विच बसलेला आहे. त्यात काहीही फवारू नका. तिथे ठिणगी पडते, आणि क्लीनर पेटतो. तो स्विच खराब झाला, तर बदलणं हाच उपाय.

प्रश्न : ट्रान्झिस्टरमध्ये सेल विसरून राहिले आणि स्प्रिंगांवर पांढरी-हिरवी पावडर जमली आहे. इथेही पॉलिश पेपर वर्ज्य का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : इथे नाही. सेलच्या स्प्रिंगांवर मुलामा असला तरी तो जाडसर निकेलचा किंवा कथिलाचा, आणि तिथून जाणारी वीज मायक्रोव्होल्टची नसून सेलची असते. थोडं घासलेलं चालतं. आधी सेलवर काय लिहिलंय ते पाहा. अल्कलाइन सेल गळला असेल, तर पावडर क्षारधर्मी असते. कापसाच्या काडीने व्हिनेगरचे एक-दोन थेंब लावा. स्वस्तातला साधा झिंक-कार्बन सेल असेल, तर गळती आम्लधर्मी असते. तिथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा. दोन्हींत नंतर ओल्या काडीने पुसून, मग आयपीएने पाणी काढा आणि शेवटी बारीक पॉलिश पेपर फिरवा. पावडर बोटाने खरवडून डोळे चोळू नका. अल्कलाइन सेलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड भाजतं. स्प्रिंगच खाऊन गेली असेल, तर भंगारातल्या टॉर्चची काढा आणि जुन्या जागी डाग देऊन बसवा. लोखंडी स्प्रिंगवर साधा डाग धरत नाही. टोक आधी कानशीने घासून, फ्लक्स लावून, कथिलाने माखून घ्यावं लागतं.